चार ओहम

ऑरहूसच्या बंदरामागे, सायकलवाल्याला लागून माझं दुकान.
पाटी कधीच पुसट झाली,
पण ज्यांचं काही बिघडतं त्यांना ते सापडतं.

नोव्हेंबरात, साडेतीनलाच दिवे लावलेले,
बेंटे स्कोगोर आली. जळलेला ट्वीटर रुमालात गुंडाळून,
पडलेला दात आणावा तसा.
मागे एस्किल, ओल्या टोपीशी चाळा करत.
ती एकसष्टची, तो सहासष्टचा.
ऑगस्टपासून एका घरात.

अँप्लिफायर त्याचा: अठरा वॅट, अक्रोडाची पेटी,
बटणांवर त्याच्याच बोटांची झीज.
स्पीकर तिचे: कमरेइतके उंच, चार ओहमचे, घुमे.
त्यांच्याकडून शब्द काढायचा
तर भरपूर करंट मोजावा लागतो.

"मी काही फार मोठा केला नव्हता आवाज."
"केला होतास."

लोकांना वाटतं, ताकद जास्त झाली की स्पीकर जळतो.
मी तीस वर्षं बहुतेक वेळा उलटंच पाहत आलोय.
अंथरूण अठरा वॅटचं, पाय साठचे.
मग लाटेचा माथा छाटला जातो,
गोल टेकडीचं सपाट पठार होतं
आणि त्या छाटलेल्या कडांची धार
नेमकी पोचते सगळ्यांत नाजूक तारेत,
केसासारख्या.
बाकी सगळं शाबूत. जाड कागदाच्या त्या मोठ्या शंकूला
तर पत्ताही लागत नाही.

पावतीच्या पाठीवर लाट काढून दाखवली.
एस्किल बराच वेळ पाहत राहिला.
"म्हणजे मी कमी पडलो."
"तू नाही, हा," मी पेटीवर टिचकी मारली.
बेंटे हसेल असं वाटलं होतं. नाही हसली.

मोठा अँप्लिफायर विकता आला असता,
मागच्या फळीवर होता एक, ऐंशी वॅटचा.
कुणास ठाऊक का, म्हणालो, आधी घर बघतो.

घरात सोफा पार पलीकडच्या भिंतीला,
शेगडीपाशी. टेप लावली: पाच मीटर दहा.
एवढ्या लांबून हाक मारत होते बिचारे.
अंतर निम्मं करा, म्हटलं,
चौपट ताकद विकत घेतल्यासारखं होईल, फुकटात.
तिघांनी मिळून ओढला.
खाली तिचा एक कानातला डूल मिळाला
आणि जमिनीवर सोफ्याच्या पायांचे चार फिकट चौकोन.

नवा ट्वीटर बसवून निघालो.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो, पैसे राहिले होते.
आवाजाच्या बटणापाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका.
एस्किल कधीमधी ठिपक्याच्या पुढे जातो,
जरासाच, ती स्वयंपाकघरात असली की.
चार ओहमना पुरे पडता पडता
पेटी तापते, आणि मांजर तिच्यावर झोपतं.
हवेची भोकं झाकू नका, एवढं बजावून आलो.
त्यांनी मान डोलावली.
मांजराने एक डोळा उघडला, मिटला.