पुढे नेले

मारेगावच्या जिनिंगात काट्याच्या खोलीत
कॉम्प्युटर बसला त्या साली मी एकोणीसची,
वणीच्या क्लासातून सी शिकून आलेली,
आणि शालिग्राम वैरागडे दिवाणजींना
माझ्यापेक्षा त्या डब्याच्या पंख्याचा आवाज जास्त खुपायचा.

त्यांची मोजणी 'लाभ'पासून. लाभ, दोन, तीन.
माझी शून्यापासून.
पहिल्याच दिवशी एवढ्यावरून आमचं वाजलं.

कार्तिकातला गुरुवार. फाटकापासून पार नाल्यापर्यंत बंड्या.
दुपारी साडेतीनला पडद्यावर एकूण
बत्तीस हजार सातशे चाळीस किलो.
मग दौलत आत्रामनं पुढची बंडी काट्यावर घेतली,
निव्वळ कापूस चारशे दहा,
आणि चिठ्ठी निघाली :
एकूण, उणे बत्तीस हजार तीनशे शहाऐंशी.

दिवाणजींनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.
"अवं पोरी, सकाळपासून आपन कापूस घेतला का वाटला?"

हमाल हसले. दौलत बैलाकडे बघत राहिला,
जणू त्यानंच काही केलं.

मी मापांतच सांगू लागले.
कॅर म्हणजे चिपटं : आठ खाचा,
एकशे सत्तावीसला काठोकाठ.
इंट मोठा, सोळा खाचा, बत्तीस हजार सातशे सदुसष्ट.
पण दुसऱ्या मशीनवर हाच इंट बत्तीस खाचांचाही असतो.

"म्हनजे पायलीच," दिवाणजी म्हणाले.
"नाव एक. राळेगावची येगळी, वनीची येगळी."

एका सरांनी तीन महिन्यांत
इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

सोळांतली एक खाच, मी म्हटलं, उण्यासाठी राखलेली.
"काट्यावर उना कापूस आला हाय का कधी?"
नाही. ती मोकळी करता येते,
मग पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंत मावतं.
पण तिथे शून्यातून एक जरी वजा झाला
तर तेच पासष्ट हजार अंगावर येतात,
रिकाम्या बंडीत डोंगर दिसतो.

आणि खाच ठेवली तर उण्याकडे एक घर जास्तीचं,
कारण शून्य अधिकाच्या ओसरीवर जागा अडवून बसतं.
हे मी सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं असतं, काऊन?
आणि मला ते गुरुवारी, बंड्या खोळंबल्या असताना,
नीट सांगता आलं नसतं.

त्यांनी वेगळंच विचारलं.
"पायली भरली तं दाने खाली सांडते.
उलटे कायले होते?"

मग आपली लाल वही उघडली. पान भरत आलेलं.
खालच्या कोपऱ्यात, शाईनं : पुढे नेले.
पान उलटलं. वरती : मागून आणले.
"तुया डब्यात," बोट त्या शब्दावर ठेवून,
"हे लिवाले जागा नाई का?"

नव्हती.
हातचा एक येतो, सतरावी खाच शोधतो,
ती नसते, आणि तो कुठेच जात नाही.
जमिनीवर पडलेला दाणा तरी कोंबडी टिपते.

मी इंट खोडून लाँग लिहिला, छपाईच्या ओळीतही एल घातला.
कंपाइल व्हायला लागली चहाइतकी वेळ.
तोवर साठ बंड्या त्यांनी वहीतच घेतल्या,
एकही आकडा न गिरवता.

"हे कुठवर पुरन?"
दोनशे चौदा कोटी किलो, मी म्हटलं.
रोजचे चाळीस टन, हंगामाचे एकशेवीस दिवस,
कधीच पुसलं नाही तर चारशे सत्तेचाळीस हंगाम.
त्याहून मोठंही माप असतं, ब्याण्णव परार्धांचं,
पण ते या मशीनला पेलत नाही.

दिवाणजी हसले नाहीत. चारशे सत्तेचाळीस
त्यांनी ओठांवर एकदा मोजून पाहिले.
"मंग लिवून ठेव कुठंतरी.
तवाच्या पोरीले ठाऊक असाव."

प्रोग्रामच्या माथ्यावर, मशीन वाचत नाही त्या जागी,
मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं :
येथे पान भरेल. पुढे नेणे.
खाली तारीख, आणि दोघांची सही म्हणून
श. वै., आणि माझं नाव.