बहात्तराव्या अक्षरावर

तोर्निओत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
नगरपालिकेच्या तळघरात बसून मी
उर्हो केंटलाची पत्रं वेबसाइटवर चढवतो आहे.
तो रोज सकाळी नदीच्या बर्फाची जाडी मोजायचा
आणि ईमेलने कळवायचा,
ब्याण्णवपासून एकवीस हिवाळे.

बहात्तर अक्षरं झाली की त्याचं यंत्र
ओळीत मोडता घालायचं.
विचार अर्धा असला तरी चल, खाली उतर.
त्या वेळच्या रुंद काचेवर ते खपून जायचं.
आता फोनवर बघा:

    आज उणे एकतीस. काठाशी बर्फाने
    धरलंय,
    मधोमध मात्र काळं पाणी अजून
    दिसतं.
    गिरमिट आत जाताना आवाज बदलला
    तर परत फिरा.

वाचताना जिन्याची एक पायरी सारखी हुकते.

मी नियम लिहिला.
ओळ साठच्या पुढे गेली असेल तर पुढची तिला जोड.
आकड्यांचे रकाने आहेत तसे राहू देत.
दुसऱ्याचं बोलणं कपाळावर बाण घेऊन येतं,
तो पुसू नकोस.
आणि रिकाम्या ओळीला हात लावू नकोस,
ती त्याने दोनदा बोट दाबून आणली आहे.

जवळजवळ चार हजार पत्रं एका रात्रीत
पाण्यासारखी झाली, ओताल त्या भांड्याची.
मी कॉफी केली.

दोन हजार दहाच्या पुढे मात्र नियम अडखळला.
ओळी पन्नाशीत आल्या, मग चाळिशीत,
शेवटच्या हिवाळ्यात तर

    बर्फ चोपन्न से.मी.
    पूर्वेला भेग.
    आज कुत्रा
    आला नाही.

नियम म्हणाला, ही कविता असावी, राहू दे.
मलाही तेच वाटलं. म्हातारपणी माणूस
मोजकंच बोलतो वगैरे.
मी त्या पत्रांना वेगळं पान दिलं,
भोवती भरपूर पांढरं.

त्याची बहीण हिल्क्का, ब्याऐंशीची, फोनवर हसली.
"कविता कसली! डोळे गेले होते त्याचे.
अक्षर मोठं मोठं करत गेला,
काचेत मावेना की स्वतःच खाली उतरायचा.
जोड सगळं. घाईचा माणूस होता,
त्याला असा थांबत थांबत बोलायला लावू नकोस."

जोडलं. साठचा आकडा खोडला,
ज्या त्या पत्राची सर्वांत लांब ओळ मोजली
आणि नियम तिच्या दाव्याला बांधला.
कुत्रा न येणं आता भेगेला लागूनच येतं,
एका दमात.

राहिलं नऊ मेचं, शेवटचं.

    गेला बर्फ.

    गेला.

मध्ये रिकामी ओळ.
एवढी छोटी पत्रं, काचेत मावली असती
कितीही मोठ्या अक्षरात.
हिल्क्काला वाचून दाखवलं, विचारलं, इथे काय करू?
बराच वेळ ती बोललीच नाही.
मग म्हणाली,
आज इकडे उणे चार आहे.