सत्तरची आस

आमच्या दुकानात मिलिमीटर म्हणजे आस.
बांगड्याच्या जाळ्याची वेगळी, सुरमईची वेगळी,
फार बारीक असली तर बंदरखात्याचा माणूस येतो.
म्हणून मांडवी टॉकीजच्या भिंतीवर
'सत्तर एमएम' चिकटवलेलं दिसलं
तेव्हा मी आधी चार बोटं जोडून बघितली.
एवढी आस. पिल्लं सुटून जातील.

टॉकीज अकरा वर्षं बंद होतं.
आत काजूच्या गोणी होत्या, नंतर त्याही नव्हत्या.
आता एकच खेळ, रविवारी सहाला,
जुना, वाळवंटाचा, पावणेचार तासांचा.
मुंबईहून टेम्पोने बावीस डबे आले,
हमालांनी ते बर्फाच्या लाद्यांसारखे
पाठीला कांबळं लावून वर नेले.

तिकिटावर खुर्चीचा नंबर. माझा फ-चौदा.
फ-पंधरावर फुलाबाय कांदळगावकर,
लिलाव आटपून, आंघोळ करून, अबोलीचा वळेसर माळून.

दिवे गेले. पडदा उघडलाच नाही.
नुसतं वाजायला लागलं,
मोठमोठी वाद्यं, काळोखात, मिटल्या पडद्यामागे.
दोन मिनिटं, तीन मिनिटं.
मागून कोण तरी ओरडलं, "पास्कू, निजलंस काय रे?"
फुलाबाय वळून म्हणाली,
"गप रव. गाऱ्हाणा घालतत."

मग पडदा सरकला. सरकतच राहिला,
इथे थांबेल वाटलं त्याच्या पुढे,
त्याच्याही पुढे, पार भिंत संपेपर्यंत.
आणि वाळवंट आलं ते लाल.
पन्नास वर्षांत फिल्मवरचा निळा विरला, हिरवा विरला,
उरलं ते कोकमाचं आगळ.
आगळाचं आभाळ, आगळाचे उंट,
विहिरीतून शेंदलेलं पाणी म्हणजे सोलकढी.
कुणी हसलं नाही.

लांब कडेला एक ठिपका.
बराच वेळ ठिपकाच.
"कोणाचो तो?" फुलाबायने विचारलं,
जेटीवरून विचारतात तसं.
एवढा वेळ एका ठिपक्याकडे बघत बसायचं
या हॉलमध्ये कुणाला शिकवायला लागलं नाही.

मध्यंतर यायच्या आत फिल्म तुटली.
पडदाभर पांढरं.
वरून हाक आली, माझ्याच नावाची.

पास्कू डिमेलो, वय एक्याऐंशी, अंगात बनियन,
यंत्राची धग भट्टीसारखी.
"हात कापतत माझे. तू धर."
मी धरली. एका चित्राला पाच भोकं,
दोन्ही काठांना, आणि काठाशी
आवाजाचे तपकिरी पट्टे.
माझी बोटं सवयीने गाठ मारायला गेली.
"गाठ नको. गाठ अडाकता," तो म्हणाला,
"टोकाक टोक."

जाळं फाटलं तर आम्ही नवा दोरा भरतो.
इथे भरायला काही नसतं.
फाटलेलं कापायचं
आणि उरलेलं जवळ आणायचं.
तिकिटाच्या खिडकीत एजाबेल बसायची,
हे तो बोलला नाही. मलाच आठवलं.

चार चित्रं गेली.
मी खाली येऊन बसलो तेव्हा
उंट एक पाऊल गाळून चालला.
फुलाबायला कळलं नाही. मला कळलं.

सुटलो तेव्हा साडेदहा.
बाहेर समुद्र दिसत नव्हता, नुसता वाजत होता.
माणसं घरी जायची सोडून बंधाऱ्यावर बसली,
सगळी एकाच बाजूला तोंड करून.
"आता कदी उघाडतलो?" एका पोराने विचारलं.
"पाटे," फुलाबाय म्हणाली आणि चपला शोधू लागली.

सोमवारी दुकानात ते चार तुकडे
खिशातून काढून पट्टीवर ठेवले.
सत्तर. एक रेघ इकडे नाही की तिकडे.
दिव्यासमोर धरले तर चार उंट,
चारही पाय उचललेले, कुणीच टेकवलेला नाही.
गिऱ्हाईक वाकून बघत होतं.
"ह्येच्यात काय गावतला?"

मी फळीवरून नायलॉनचं बंडल काढलं.
चाळीसचं देऊ की पन्नासचं, विचारलं.