मी से ना मांगे

विदगावचा पूल ओलांडला आणि गाडी मेली.
आधी एक उचकी, मग दुसरी,
मग नुसता चाकांचा आवाज, तोही विरला.
जुनी सीडी हंड्रेड. टाकीवर बायकोच्या नावाचं स्टिकर,
'द्वारका', त्यातलं 'का' सुटत आलेलं.

मे महिना, रात्रीचे साडेअकरा.
दोन्ही अंगांना केळी, कुठेतरी पाणी सोडलेलं असावं,
आणि डांबर अजून तव्यासारखं.
द्वारका जळगावला, सिव्हिलच्या सात नंबरात.
सकाळी आठच्या आत रेशनकार्ड आणा, म्हणाले,
मूळ प्रत. झेरॉक्स चालणार नाही.
रेशनकार्ड चोपड्याला, पिठाच्या डब्यामागे.

मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस.
लोकांच्या बंद मशीनला मी हात लावला की ती टकटक करू लागते.
त्या रात्री प्लग काढला, फुंकला, शर्टाला पुसला,
कार्बोरेटर खोलला मोबाईलच्या उजेडात.
पेट्रोल होतं, ऑईल होतं.
ठिणगी नव्हती.

मग देवाशी बोललो. प्रार्थना नव्हे ती,
वसुलीला आलेल्या माणसासारखा बोललो.
मनुदेवीला तीन नारळ,
कानबाईच्या रोटांना एक वर्ष खाडा नाही,
गुरुवार तर वेगळेच.
हिशेब दाखव, म्हटलं.
केळीची पानं फाटल्या कापडासारखी वाजत राहिली.

ढकलत निघालो. बऱ्याच वेळाने मागून उजेड आला.
थांबला एक जण,
गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाच्या रिकाम्या किटल्या,
तोंडाला रुमाल, नुसते डोळे.
"काय व्हयनं, भाऊ?"
सांगायला गेलो तर सगळंच सांगून झालं,
प्लगपासून किडनीपर्यंत.
त्याने ऐकून घेतलं.
"बस. न्यूट्रल कर. हँडल सोडू नको.
मांगे देखू नको. मी से ना मांगे."

आणि चालत्या गाडीवरून
त्याने डावा पाय माझ्या फूटरेस्टला लावला.

आमच्याकडे पाय लागला की लगेच हात छातीला जातो,
वहीला लागो, धान्याला, झोपलेल्या लेकराला.
आणि मी जन्मभर पायांवर डोकं ठेवत आलो,
दगडाच्या, पितळेच्या, कॅलेंडरातल्या.
पाय आपल्याकडे येतो,
आपल्याला लागतो,
हे कोणी सांगितलं नव्हतं.

धानोरा गेलं. अडावद गेलं.
उजेड त्याचा, माझी सावली माझ्यापुढे पळत होती.
खड्ड्याला मी वळायचो, तोही वळायचा.
चढ आला की वाटायचं, सोडलं याने.
सोडलं नव्हतं.
एकदाच मागे पाहिलं, गाडी लटपटली.

चोपड्याच्या नाक्यावर धक्का थांबला.
पाय टेकून वळलो तर तो गाडी उलटी फिरवत होता,
त्याला अडावदलाच उतरायचं होतं म्हणे.
किटल्या वाजत गेल्या. नाव विचारायचं राहिलं.

रेशनकार्ड पोचलं, पहाटेच्या एसटीने, सात चाळीसला.
द्वारका वाचली असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल.
ती पुढच्या वर्षीच्या कानबाईपर्यंत होती,
रोटाचा एक घास खाल्ला, म्हणाली, गोड कमी आहे.
ते चौदा महिने मी हँडल धरून होतो.
इंजिन कधीचंच बंद.

गाडी अजून आहे. कॉइल बदलली.
टाकीवरचं 'का' गळून पडलं,
मी पुन्हा चिकटवलं नाही.

त्या रस्त्याला रात्री कोणी ढकलत चाललेला दिसला
की मी थांबतो, पाय पुढे करतो.
लोक वाकायला बघतात. "बस," म्हणतो, "पुढे बघ."
चढावर माझी पोटरी थरथरते,
समोरच्याला कळू देत नाही.
त्याचीही थरथरली असेल.