डोळकाडी

इनास आल्मेडा जहाजावरून उतरला
मोंतीच्या फेस्ताला दोन दिवस असताना,
आणि घरी न जाता उभादांड्याला आमच्या नर्सरीत आला,
लुंगीत गुंडाळलेल्या दोन बाटल्या घेऊन.
वीगो बंदरात क्रेन बिघडली होती, म्हणाला,
आठ दिवस रिकामे. कुणाच्या तरी ट्रकात बसून
तो आत डोंगरात गेला, द्राक्षं बघायला.
जहाजावरचा आचारी तो,
जिथे चूल तिथे ओळख.

बूच काढायला काही नव्हतं.
बाबांनी कलमाचा चाकू पुढे केला,
ज्याने ते मला सुतळीसुद्धा कापू देत नाहीत.
बूच हुंगून म्हणाले, "ही साल आसा. झाडाची."
आणि खिशात टाकलं.

आधी पांढरी. गोदेयो.
पांढरी कसली, वाळल्या गवताच्या रंगाची.
एक घोट, आणि मी दुसरीच्या वर्गात:
ओली पाटी चाटल्याची चव,
बाईंचं लक्ष नसताना.
मागून बिमलीचा चिमटा.
सांगितलं तर इनास उडालाच,
"अगो, थय सगळो पाट्येचोच डोंगर!
पाय ठेवलो काय घसारता."
तिसऱ्यांचं सुकं संपण्याआधी ती संपली.

तांबडी अंगणात उघडली, खाऱ्या वाऱ्यात. मेन्सिया.
बाबा तिला मेनशा म्हणू लागले,
शेजारची गाय असावी तसं.
करवंदाच्या देठाचा चीक, हिरवी मिरी,
बांगड्यातल्या तिरफळाशी आधी बिनसली,
मग दोघं एका पाटावर बसली.

बाबांनी पेला कंदिलासमोर धरला.
चवीचं काही बोलले नाहीत.
"मूळ खयचा?"

इनास हात पुसत सांगू लागला.
फार मागे एक किडा आला, मुळं खात
डोंगरच्या डोंगर उतरून गेला.
मग अमेरिकेतून मुळं आणली, किड्याला न पचणारी,
त्यांवर जुन्या वेली बांधल्या.
तरी ही गोदेयो सरतच आली होती.
लोकांनी भरघोस पिकणारं काहीबाही लावलं होतं.
कुणीतरी पडीक उतार हिंडून
उरलेल्या वेली शोधल्या. काड्या घेतल्या.

"म्हणजे आमच्या उलटा," बाबा म्हणाले.

त्यांचं मूळ परकं, फळ घरचं.
आमचं मूळ रायवळ, कुठल्याही उकिरड्यावरच्या कोयीचं,
आणि वर हापूस,
ज्याचं नाव त्याच बाजूच्या समुद्रावरून आलं.
एकेचाळीस पावसाळे बाबांनी
दिवसाला दोनशे रायवळांची डोकी उडवली.
हिशेब मी मनात करायला घेतला
आणि सोडून दिला.

सकाळी ते शेडमध्ये नव्हते.
ओहळाकाठच्या तिरफळ्याकडे गेले होते:
रेषाळ, उग्र, गिऱ्हाईक नसलेला आंबा,
खोडावर रस्तेवाल्यांचा लाल आकडा.
इनासच्या ओल्या लुंगीत सात काड्या घेऊन आले.
काप त्यांनी दिला. पट्टी मी बांधली,
हात हलतो त्यांचा हल्ली.
रायवळावर रायवळ.
पत्र्याच्या चिठ्ठीवर काय लिहायचं विचारलं
तर म्हणाले, "त्येचा नाव त्येका आसा."

आज बावीस दिवस.
पाच काड्या काळ्या पडल्या.
दोन अजून काहीच बोलत नाहीत.
मी हिरव्या बाटलीतून पाणी घालते,
धार फार पडते म्हणून
बाबा पायरीवर बसून
बुचाला भोक पाडतायत.