फेडरल हिलवरचा चौक

ऑक्टोबर. पालिकेनं कारंजं बंद केलंय.
तळाशी ओले सेंट, एक बटण, मेपलची पानं.
बाकावर एर्सिलिओ, नव्वदीला दोन कमी.
समोर, जिथे त्याच्या आजीची हातगाडी उभी असायची,
गोगलगाई, कडू पालेभाजी, भांडणं,
तिथे आता छत्र्यांखाली सात डॉलरची कॉफी.

तुरीनहून आलेली एक मुलगी रस्ता विचारते,
स्वच्छ, इस्त्री केलेल्या इटालियनमध्ये.
तो सांगतो. शेवटचे स्वर गिळत,
आजीनं बोटीतून आणले तसेच शब्द,
मध्येच एखादा गोदीवरचा इंग्रजी.
ती हसते. "आजोबा, ही भाषा कुठली?
आमच्याकडे कुणीच नाही बोलत असं."

तो काठीनं फरशी ठोकतो,
दोनदा,
आतून कुणीतरी
कडी काढावी म्हणून.