पटावर बेचाळीस

घोलप सरांनी बोहरी आळीतून
पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणला,
बिल कुठल्याच अनुदानात बसेना, म्हणून खिशातून.
शेवंतामावशींनी सुतळीला खडू बांधला
आणि पटांगणभर वर्तुळं काढली,
सहा-सहा फुटांवर,
साडीचा काठ पिवळा होईस्तोवर.

वर्गात टेप माझ्या हातात.
वीस फूट बाय अठरा.
चार वेळा मोजला, वाढला नाही.
बसतील चौदा.
पटावर बेचाळीस.

फळ्यावर मार्चमधला सोमवार अजून तसाच,
खाली सुविचार, अर्धा:
"स्वच्छता हीच"
एवढाच.
मधली सुट्टी झाली की पुरा करू, म्हटलं होतं.
खिडकीत पारव्यांचा संसार,
आणि कुंडीतली कोरफड,
कुणी पाणी न घालता, जिवंत.

संमतीपत्रं आली सदतीस.
एकावर अंगठा, शाई नव्हती म्हणून काजळाचा.
एकावर सहीखाली लिहिलेलं,
"मुलीला काही झालं तर बाई जबाबदार."
ते मी वर्गात वाचलं, बसमध्ये वाचलं,
रात्री भांडी घासताना पाठ झालं.

राहिलेल्या पाचांसाठी
जनता वसाहतीच्या पायऱ्या चढले.
एक घर लातूरकडे निघून गेलेलं.
दोघांचे मोबाईल बंद, दारांना कुलूप.
एक पोरगा मामाच्या टपरीवर
कप विसळत होता, मला बघून वाकला,
दिसेनासा झाला.
अल्फियाची आई उंबऱ्यातूनच म्हणाली,
"हिचे अब्बा ससूनला गेले ते गेलेच, बाई.
शाळा उघडली म्हणजे आजार गेला का?"
"नाही गेला," मी म्हणाले.
पुढे काय बोलावं सुचेना.
"खिडक्या उघड्या ठेवणार आहोत," म्हणाले.
"सगळ्या?"
"एक गंजलीय. तीही."

काजळाचा अंगठा सिद्रामच्या आईचा.
सिद्रामला ऐकू येत नाही. तो ओठ वाचतो.
आईचे येतात त्याला;
माझे अजून शिकायचेत.
परिपत्रकात साबण होता, अंतर होतं,
ताप मोजायची बंदूक होती.
ओठ नव्हते.
मावशींनी वहीचं प्लॅस्टिकचं कव्हर कापलं
आणि माझ्या मास्कला खिडकी शिवली,
वाकडी, निळ्या दोऱ्याची.

पहिल्या दिवशी पहिली चौदा.
दुसरीत बसायला आलेली, पहिली न बघितलेली.
कपाळाशी बंदूक धरली की
डोळे घट्ट मिटणारी.
प्रणिलने अंगठा आणि बोट यांच्यात मला मोजलं,
"बाई, तुम्ही तर एवढ्याशा होतात!"

सूचना द्यायच्या होत्या:
वर्तुळाबाहेर पाऊल टाकायचं नाही.
तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "तळ्यात!"
आणि तेरा पोरं तेरा तळ्यांत.
"मळ्यात!"
रेघेबाहेर एक उडी, परत एक.
घोलप सरांनी शिट्टी ओठांना लावली,
मास्कवरूनच.
वाजली नाही.
सरांनी ती खिशात ठेवली
आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

चौदावं तळं फाटकाजवळ. कोरडं.

वर्गात मी "कमळ" म्हणाले
आणि माझी खिडकी वाफेने भरली.
तेरातले बारा म्हणाले, कमळ.
सिद्राम थांबला.
पुढे यायचं नाही, हे त्याला
मीच सकाळी खुणांनी सांगितलेलं.
मी तोंड मिटलं,
नाकाने हळू, अगदी हळू श्वास घेत राहिले.
पोरं गप्प.
बाहेर पर्वतीकडून कुठलातरी भोंगा,
भंगारवाल्याचा असावा.
प्लॅस्टिक कडेकडेने निवळत आलं.
सिद्रामने मान हलवली:
हं, आता सांगा.

हजेरीत अल्फियापुढे गैरहजर लिहायला हवं होतं.
मी पेन्सिलने टिंब ठेवलं.

सुटताना एकेकाला सोडत फाटकाशी आले
तर समोर कालव्याच्या भिंतीजवळ
तिची आई,
पोरीचं बोट धरून,
आत न येता,
वर्तुळं मोजत.